तुमच्यात चालती का?

“कुंदा, जेवताना तोंडातून शब्द काढायचा नाही. हात धुऊन चूळ भरलीस, की मग काय ते बोल. तोवर घर पेटलं तरी बेहत्तर.”

लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात सासूबाईंनी मला हा नेम दिला आणि पुढे मी तो बाराही महिने धरला. घर कधी पेटलं नाही. दूध मात्र दोनदा उतू गेलं, आणि एकदा पोस्टमन दारात हाका मारमारून तार घेऊन परत गेला. मी पानातला भात संपवला, हात धुतले आणि मग त्याच्यामागे चौकापर्यंत धावले. कऱ्हाडात आमच्या आळीत हा किस्सा सगळ्यांना पाठ होता. माझा आवाज मुळातच लहान. चार बायकांत मी काही म्हटलं तर निम्म्या जणींना ऐकू जायचं नाही. पण माझं न बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं.

मी सांगते आहे ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची एकादशी. मला तेव्हा सदतिसावं लागलं होतं.

मंडईमागे सांबऱ्यांच्या लाकडाच्या वखारीचं मोठं पटांगण होतं. दुपार कलली की तिथं बाजार भरायचा. एका बाजूला भाजी, फुलं, बांगड्या आणि दुसऱ्या बाजूला खाण्याच्या गाड्या. भेळवाला कैरी बारीक चिरत बसलेला, भजीवाल्याच्या कढईभोवती कॉलेजची पोरं, कुल्फीच्या मटक्यावर ओलं फडकं. पटांगण सांबऱ्यांचं, पण तिथं कोण उभं राहणार हे सांबरेकाकू ठरवायच्या. आमच्या भजनी मंडळाच्याही त्याच प्रमुख. काकूंनी एकदा ठरवलं की ठरलं.

कोपऱ्यातल्या चिंचेखाली केशरबाईंची जागा होती. त्या अंबाजोगाईकडच्या. नवरा गेल्यावर भावाच्या आधाराने इथं आल्या, भावजयीने वर्षभरात चूल वेगळी करून दिली, आणि मग काकूंनीच त्यांना चिंचेखाली बसवलं. उपासाच्या दिवशी उपासाचंच विकायचं, ही काकूंची अट. केशरबाईंनी ती इतकी कडक पाळली, की इतर वारी त्या गाडीच लावायच्या नाहीत; लोकांच्या पोळ्या लाटायला जायच्या. पोळ्यांवर खोलीचं भाडंही सुटत नव्हतं. त्यांचा संसार चालायचा तो एकादशी, चतुर्थी, सोमवार आणि गुरुवार यांच्यावर. “केशरबाईकडचं खायला हरकत नाही, मी स्वतः खाते,” असं काकूंनी मंडळात सांगितलं होतं. म्हणून तर आमच्यासारख्या बायका तिथं उघड्यावर बसून खात.

मी रताळी आणि झेंडू घ्यायला गेले होते. सकाळपासून पोटात पाणी आणि एक केळं. भज्यांचा वास आला, त्याचं काही वाटलं नाही. उपासाच्या दिवशी कांद्याचा मोह मला होत नाही. तो आपला नव्हेच, असं मन आधीच धरून असतं. पण चिंचेजवळ आले आणि पाय थांबले. तव्यावर हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट, उकडलेला बटाटा आणि त्यांच्या बरोबर कोथिंबीर भाजत होती. हा वास माझ्या आईच्या स्वयंपाकघरातला होता. कुरुंदवाडला आमच्याकडे एकादशीच्या थालीपिठात मूठभर कोथिंबीर असायची. सासरी उपासाला कोथिंबीर चालत नाही. सतरा वर्षांत मी हे थालीपीठ खाल्लं नव्हतं.

“या ताई, बसा. कोन्त्या परातीतलं लावू?” केशरबाईंनी विचारलं.

त्यांच्यापुढे दोन पराती होत्या, दोन्हींवर ओलं पांढरं फडकं. दोन तवे. दोन उलथणी, एकाच्या दांड्याला लाल दोरा बांधलेला.

“ही साधी बगा. आन् ह्या लाल दोऱ्याच्या परातीत कोथिंबीर हाय. तुमच्यात चालती का?”

‘तुमच्यात’ म्हणजे नक्की कुणात, हे बाईला जन्मभर नीट ठरवता येत नाही, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ समजावलं. पण त्यांनी विचारलं त्याचा अर्थ सरळ होता, आणि तो मला कळला होता. मी इकडे तिकडे पाहिलं. ओळखीचं कोणी दिसलं नाही.

“चालते,” मी म्हटलं.

“आँ?” तवा चुरचुरत होता.

“चालते. आमच्यात चालते,” मी मोठ्याने म्हटलं. “त्यातलंच लावा.”

“झ्याक!” त्या हसल्या. “आमच्याकडं तर हिच्याबिगर थालीपीठच न्हाई. हितं आल्यापास्नं बगते, कुनाला जिरं चालतं तर कोथिंबीर न्हाई, कुनाला कोथिंबीर चालती तर जिरं न्हाई. देव येकच, पर दर घराला त्याचं पथ्य निराळं.”

केळीच्या पानाच्या तुकड्यावर थालीपीठ आलं. कडा करकरीत, मधे मऊ, बोटाने पाडलेल्या पाच भोकांत तूप साचलेलं. वर लोण्याचा गोळा, शेजारी घट्ट दही. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, पानाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास तोंडात घातला. त्या क्षणापासून माझं मौन सुरू झालं.

खोटं कशाला सांगू, मी आनंदाने खाल्लं. लोणी वितळून बोटांवरून मनगटापर्यंत आलं ते मी चाटलं. बाजाराचा गलका, बांगड्यांची किणकिण, भेळवाल्याचं “तिखट का गोड, वैनी?” हे सगळं लांब गेलं. एक संपलं तेव्हा मी बोट वर करून आणखी एक मागितलं. केशरबाई म्हणाल्या, “बोलत का न्हाई ओ ताई? बरं झालंय न्हवं?” मी ओठांवर बोट ठेवलं आणि मान डोलावली.

“मौन व्हय! मग तसं म्हना की. न्हाई न्हाई, म्हनू नगा!” आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्या खळखळून हसल्या.

दुसरं थालीपीठ अर्धं झालं असेल, तोच मागून आवाज आला. “अगं बाई, कुंदा! एकटीच?”

सांबरेकाकू आणि त्यांच्याबरोबर टेंबेवहिनी. काकू कौतुकाने वाकल्या आणि तशाच थांबल्या. त्यांची नजर माझ्या पानावर होती.

“हे हिरवं काय?”

“मिरची असेल, काकू,” टेंबेवहिनी म्हणाल्या.

“मिरचीला पानं असतात का गं?” काकूंनी बोटाच्या टोकाने थालिपिठाची कड वर केली. “कोथिंबीर! केशरबाई, ही कोथिंबीर आहे.”

“व्हय, काकू. ह्यात हाय. तुमची परात ही, साधी.”

“म्हणजे तू आम्हाला इतके दिवस कोथिंबिरीच्या हाताचं खायला घालतेस?”

“न्हाई ओ! परात येगळी, तवा येगळा, उलथनं बी येगळं. हात धुतल्याबिगर ह्यातला त्यात घालीत न्हाई. आन् इचारल्याबिगर कुनाला लावीत न्हाई.”

“हिला विचारलंस?”

“इचारलं की. चालती म्हनल्या.”

टेंबेवहिनी हसल्या. “कुणाचं नाव घ्यावं ते तरी कळायला हवं बाई तुला. कुंदा? ही पोस्टमनला परत पाठवते, आणि एकादशीला कोथिंबीर खाते होय?”

“ह्यांनीच सांगितलं. दोनदा सांगितलं. ताई, सांगा की तुमी.”

तिघी माझ्याकडे बघू लागल्या. भेळेच्या गाडीवरच्या दोघी-तिघीही वळल्या. माझं तोंड रिकामं होतं. उजवा हात लोण्याने भरलेला होता आणि पानावर अर्धं थालीपीठ उरलं होतं. मी डावा हात उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं.

“तिचं जेवताना मौन असतं,” काकू म्हणाल्या. “ती कशी बोलेल? हेच बघून तू तिच्या नावावर खपवते आहेस. न विचारता वाढलंस, ती बिचारी पानावर बसली, आणि अन्न टाकायचं नाही म्हणून मुकाट्याने खाते आहे.”

इतकं सुंदर कारण मला स्वतःला सुचलं नसतं.

केशरबाई उठल्या. त्यांनी तांब्या भरला, माझ्यापुढे आल्या आणि वाकून उभ्या राहिल्या.

“ताई, हात धुवा. मी पानी घालते. चूळ भरा आन् येकदा बोला. हू का चू. मग बसा पुन्यांदा, मी ताजं लावते.”

कललेल्या तांब्याची कड माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. मी हात पुढे केला असता तर पाच पळांत सगळं संपलं असतं. काकू रागावल्या असत्या, टेंबेवहिनींनी आळीत सांगितलं असतं, सासूबाई चार दिवस बोलल्या नसत्या. याहून जास्त काही नाही.

मी हात पानाकडे नेला. थालिपिठाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

केशरबाई तशाच वाकलेल्या. मी तो घास खूप वेळ चावला. मग दुसरा घेतला. लहान लहान घास केले, पान संपू नये म्हणून. चव कसलीच लागत नव्हती. शेवटी त्यांनी तांब्या सरळ केला. त्यातलं पाणी थोडं हिंदकळून माझ्या पायावर सांडलं.

“उद्यापासून इथं गाडी लावायची नाही,” काकू शांतपणे म्हणाल्या. “मी तुझी हमी घेतली होती. चार बायकांत माझं तोंड काळं केलंस.”

“काकू, मी दुसरं काय करू सांगा? हीच माजी जागा हाय.”

“ते आधी बघायचं होतंस.”

त्या गेल्या. केशरबाईंनी दोन्ही पराती एकावर एक ठेवल्या. दोन्ही पिठं एक झाली, तरी त्यांनी पाहिलं नाही. मी तिथल्या पाण्याने हात धुतले नाहीत. हाताची मूठ करून, रताळ्यांची पिशवी डाव्या खांद्याला लावून घरी आले. लोणी हातावर वाळून कातडीसारखं घट्ट झालं होतं. मोरीवर हात धुतले, चूळ भरली. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, “कुंदा, आलीस का गं?” आणि मी म्हटलं, “आले.” मौन सुटल्यावर माझ्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

दिवेलागणीच्या आत बातमी घरी पोचली. सासूबाईंनी मला जवळ बसवून माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात त्यापूर्वी कधी माझ्या पाठीवर फिरलेला मला आठवत नाही.

“पाणी पुढे केलं तरी मोडलं नाहीस,” त्या म्हणाल्या. “आणि कोथिंबिरीचं काय, नकळत पोटात गेलं त्याचा दोष खाणाऱ्याला नाही. वाढणाऱ्याला.”

मी त्यांच्या पाया पडले. खाली वाकलं की तोंड दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं उरकून मी केशरबाईंच्या खोलीवर गेले. त्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

“मौन सुटलं का, ताई?”

“सुटलं.”

“मग माज्याशी बोलून काय फायदा? मला तर ठावंच हाय मी इचारलं व्हतं ते.”

“माझं चुकलं. मी काकूंना सांगते.”

“कवा?”

“आजच.”

त्यांनी तांदळातला खडा काढून बाहेर भिरकावला. “देवाची आन घालीत न्हाई मी तुमाला. तुमचे नेम आदीच लई. त्यात माजा आनखी येक नगं. नुसतं सांगा.”

“सांगते. शब्द देते.”

मी त्याच दुपारी काकूंकडे गेले, हे खरं आहे. वखारीच्या वर त्यांचं घर. बैठकीत मंडळाच्या सात-आठ जणी होत्या. मला बघताच काकूंनी पाट मांडला, “ये, ये,” म्हणून त्यावर बसवलं आणि खणानारळाने माझी ओटी भरली. ओटी भरता भरता त्या सांगत होत्या, “तांब्या हाताला लागत होता, पण पोरीने शेवटचा घास सोडला नाही.” बायका माझ्याकडे बघत होत्या. एक नवी सून पुढे येऊन माझ्या पाया पडली.

“काकू, मला जरा...” मी म्हटलं.

कोणाला ऐकू गेलं नाही. तव्याच्या चुरचुरीत जसं मी मोठ्याने म्हटलं होतं, तसं इथं पुन्हा म्हणता आलं असतं. मी ओटी सावरत घरी आले.

मग कोजागरी आली. चांगल्या दिवशी वाद नको. मग चतुर्थी. मग गुरुवार, गुरुवारी मी पोथी वाचते, मन शांत हवं. सासूबाईंना दोन दिवस ताप होता. रोज सकाळी पूजेला बसताना मी ठरवायची, आणि रोज कुठला तरी नेम मला वाचवायचा. माझी गोष्ट तोवर दुसऱ्या आळ्यांत गेली होती. पंधरा दिवस ती कऱ्हाडभर सांगितली जात होती. पंधरा दिवसच.

नवव्या की दहाव्या दिवशी मी मंडईत गेले, तर चिंचेखाली रसवंती लागलेली. उसाच्या मोळ्या, घुंगरू बांधलेलं चाक, लाकडी बाकडी. रसवाला सांबरेकाकांच्या ओळखीचा होता आणि त्याने पाच वर्षांची बोली केली होती. म्हणजे आता मी बोलले काय आणि न बोलले काय, केशरबाईंना ती जागा मिळणार नव्हती. हे कळल्यावर मला काय वाटलं, ते सांगायची मला अजून लाज वाटते. मला हलकं वाटलं. आता सांगून उपयोगच नाही, असं म्हणता येणार होतं.

दिवाळीआधीची एकादशी उजाडली. काकडआरती करून येताना मी केशरबाईंच्या गल्लीत वळले. का वळले ते नीट सांगता येत नाही. खोली बंद दिसली असती तर बरं, असंही मनात होतं. पण दार उघडं होतं आणि आतून तव्याचा आवाज येत होता. सामान बांधून भिंतीशी ठेवलेलं. एकच परात, एकच तवा.

“जाणार का तुम्ही?” मी विचारलं.

“उद्या. वसुबारसंला. माज्या चुलतदिराच्या घरी. दिवाळी म्हनून जाते, मग ते राहू देतील तवर.” त्यांनी थालीपीठ उलटलं. त्यात कोथिंबीर नव्हती. “बसा. उब्या ऱ्हाऊ नगा.”

मी बसले. त्यांनी पहिलं उतरवून दुसरं तव्यावर लावलं.

“मी अजून सांगितलेलं नाही,” मी म्हटलं.

“म्हाईत हाय.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. “सांगितलं असतं तर मला कळलं असतं. बायका तेवढं कळवत्यात.”

“आता ती जागाही...”

“गेली. चाक बगून आले मी.”

त्यांनी दोन थालिपिठं केळीच्या पानात गुंडाळली, वरून दोरा बांधला आणि पितळी डब्यात ठेवली. मी विचारलं, “हे कुणाला?”

“फाटकापाशी ती म्हातारी हार करीत बसती न्हवं, गवळनबाई, तिला. त्या दिशी ती वाट बगत व्हती, आन् आपला ह्यो गोंधळ झाला. तिचं लावायचं ऱ्हाऊन गेलं. पराती उचलताना तिला म्हनले, आजी, फुडल्या एकादशीला आनून देते.”

“पण काकूंनी तुम्हाला तिथं...”

“आत कुटं जाते मी? फाटकाभाईरनं देईन.” त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. “तिला दात न्हाईत. गरम हाय तवर मऊ असतं.”

बाहेर येऊन त्यांनी दाराला कडी लावली. मला ‘येते’ म्हटलं नाही, ‘चला’ही म्हटलं नाही. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरून त्या गल्लीच्या कडेकडेने चालू लागल्या. रस्त्यात ओळखीच्या दोघी भेटल्या. त्यांनी केशरबाईंकडे पाहिलं आणि बोलणं थांबवलं. केशरबाईंनी चाल बदलली नाही.

मी मागून पंधरा-वीस पावलांवर होते. मंडई ओलांडली. वखारीचं फाटक दिसू लागलं. गवळणबाईंनी हार बाजूला ठेवून दोन्ही हात पुढे केलेले मी लांबून पाहिले.

वर काकूंच्या घरात मंडळाच्या बायका एकादशीच्या भजनाला जमत होत्या. टाळ जुळवल्याचे आवाज येत होते. सगळ्या जणी असणार, टेंबेवहिनीही. मी केशरबाईंच्या शेजारून फाटकातून आत गेले. त्यांनी मान वर केली नाही. त्या म्हातारीच्या हातात पान उलगडून देत होत्या. जिन्याखाली माझी चप्पल काढली, तिथल्या इतक्या चपलांच्या शेजारी नीट लावली, ‘आमच्यात चालते’ असं एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि चढू लागले.